सरव्याची थैली

नवा धान मिलच्या गेटात उतरायला लागला की माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट ठणकते. काम सोडून इतकी वर्षं झाली, तरी ठणकते. मी राईस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवत होतो. सारी जवानी त्यातच गेली. मांडीवर सुतळीचा गुंडा, समोर तांदळानं भरलेलं पोतं, हातात दाभण. दाभण म्हणजे वीतभर लांबीची, टोकाशी जराशी वाकलेली सुई. ती जशी पोत्यात जाते तशी बोटातही जाते. माझ्या या बोटात ती किती वेळा गेली असेल ते बोटालाच माहीत. मिलच्या घरघरीनं एक कान गेला, दाभणानं एक बोट गेलं. बाकी माणूस शाबूत आहे.

मी चौथी शिकलो. लिहायची सवय नाही. पण या दिवसांत काहीतरी खाजवल्यासारखं होते, म्हणून नातीनं आणून ठेवलेल्या वहीत हे लिहून राहिलो. कोणाला आवडो न आवडो.

माझं घर गोंदियाला लागून कुडव्याला. दिवाळी संपली की इथं सकाळी फरशी पायाला थंड लागायला लागते. मिलांत धान उकडतात त्याचा आंबूस, गोडसर वास गल्लीत येऊन बसतो. भुशाची काळी राख उडते आणि दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर नेमकी येऊन पडते. शेवंता, म्हणजे माझी बायको, दरवर्षी या दिवसांत मला एकच बोलायची, "तुमच्या मालकाले म्हना, माहे लुगडे धुऊन देजो." जसं काही मालक माझ्या सांगण्यातला होता. आता राख पडते, कपडे माझे मीच झटकतो. बोलणारं कोणी नाही. मला ती राख आता वाईट वाटत नाही.

आणि याच दिवसांत दुरून कुठून तरी ढोलकी ऐकू येते. एका कानानं ऐकतो, पण ऐकू येते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. नुसता बाजार नाही तो. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, सोयरिकी जुळतात. उकडलेले शिंगाडे, ऊस, मुरमुऱ्यांचे ढीग, पाळणे. दिवसा दंडार होते. दंडार म्हणजे गावचीच माणसं ढोलकी-टाळावर गात, नाचत, सोंगं घेत जो खेळ करतात तो. त्या खेळाच्या तालमी आठ-दहा दिवस आधी सुरू होतात. मी कामठ्याच्या दंडारीत ढोलकी वाजवायचो. कामठा माझं मूळ गाव. आमच्या बापानं दीक्षा घेतली त्या वर्षी गावकीच्या कामाचा डफ कायमचा खाली ठेवला. गाव बोलावील तेव्हा जाऊन वाजवायचं, ते त्याला नको होतं. ठीकच केलं त्यानं. मी ढोलकी उचलली ती माझ्या मर्जीनं, माझ्या हौसेनं, आणि कोणाच्या दारात नाही, साऱ्यांच्या मधोमध बसून. म्हातारा पहिल्यांदा रागावला होता. मग एकदा मंडईत मागं उभा राहून ऐकत होता म्हणे. मला शेवंतानं सांगितलं.

पण मला सांगायचं आहे ते एका सालाचं. दोन हजार सहा-सात असेल. त्या साली पोळा झाला आणि शेवंता गेली. दवाखान्यात अकरा दिवस होती. तेरवी-बिरवी आम्ही करत नाही. विहारात बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. घरात उरलो आम्ही चौघं. माझा मुलगा ट्रकवर, म्हणजे महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून वंदना अंगणवाडीत. मी. आणि माझी नात, आम्रपाली. आमू. नऊ वर्षांची होती, चौथीत.

आमू आजीच्या पोटाला चिकटून वाढलेली पोर. आजी शेणी थापायला बसली की ही शेजारी इवल्या शेणी थापत बसे. आजी दुपारी आडवी झाली की ही तिच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून पडे. आजी गेल्यावर ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसायची. मी उठून बाहेर गेलो की बाहेर यायची. मी पाणी प्यायला गेलो की रांजणापर्यंत यायची. गल्लीत पोट्टे लगोरी खेळायचे, हाका मारायचे. ही मान हलवून नाही म्हणायची.

एक दिवस शाळेतल्या बाईंनी वंदनाला बोलावून घेतलं. पोरगी कोणाशी बोलत नाही, मधल्या सुट्टीत गेटाजवळ एकटी उभी राहते, शाळा सुटायच्या आधीच दप्तर भरून ठेवते. हिला मुलांमध्ये मिसळेल असं काहीतरी लावा, एखादा क्लास, एखादा खेळ. वंदना घरी आली ती तोंड पाडून. तिचा भाऊ नागपूरला. त्याच्या घरी आमूच्या बरोबरीची दोन लेकरं, मोठी शाळा, बगीचा. तो फोनवर केव्हाचा म्हणत होता, पोरीला इकडं द्या, घरातल्या दुखवट्यात ती सुकून जाईल. त्या रात्रीच्या जेवणाला वंदनानं माझ्या ताटात भाकर टाकली आणि तिथंच उभी राहिली.

"मामाजी, मंडईवरी पाहू. नाई जमलं त दिवाळीच्या सुट्ट्यानंतर मी तिले नागपूरले धाडतो."

आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. वंदना वाईट बोलली नव्हती. आईच ती. मी भाकर मोडली आणि म्हटलं, मी पाहतो काय करायचं ते. पोत्याला भोक पडलं की कुठं टाका घालायचा हे मला कळते, मग नऊ वर्षांच्या पोरीचं कळणार नाही का? असा माझा तोरा. एक बाई आधीच घरातून गेली होती. दुसरी मी जाऊ देणार नव्हतो.

तर सुरू झालं. सायकलच्या दांडीवर फडकं बांधून आमूला बसवायचं आणि क्लास शोधत हिंडायचं. आधी कराटे. कुडव्यातच एका नव्या इमारतीच्या खाली एक जवान पोरगा शिकवायचा. पांढरे कपडे घातलेली वीस-पंचवीस पोरं एकदम ओरडायची तेव्हा माझ्या बहिऱ्या कानालाही कळायचं. मी समोरच्या कठड्यावर बसून राहायचो. साऱ्या पोरांची तोंडं मास्तरकडं, आमूचं तोंड माझ्याकडं. तिसऱ्या दिवशी मास्तर बाहेर आला आणि म्हणाला, "दादाजी, आप घर जाइए. बच्ची का पूरा ध्यान आप में है." मी त्याला म्हटलं, बच्ची हमारी है, हम कहीं नहीं जाते. चौथ्या दिवशी आमूनंच सायकलवर बसायला नाही म्हटलं.

मग चित्रांचा क्लास. एक बाई आपल्या घरी रविवारी घ्यायच्या. चकचकीत घर, दारात पायपुसणं, त्याच्यावर हिरवा पोपट. मी बाहेर चपलांच्या ढिगाऱ्याशी उभा. बाईंनी पोरांना सांगितलं, आपल्या आवडीचं काढा. बाकीच्यांनी डोंगर काढले, झोपडी काढली, सूर्य काढला. आमूनं उघडं दार काढलं आणि दाराबाहेर दोन चपला. माझ्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तोसुद्धा काढला. बाई म्हणाल्या, हात चांगला आहे. मी म्हटलं, हात चांगला आहे त ठीक आहे, पण इथं कोणी कोणाशी बोलतच नाही, साऱ्यांच्या माना कागदात. बाईंना राग आला असावा. येऊ दे.

मग विहारात रविवारी सकाळी लहान लेकरांना बुद्धवंदना शिकवतात तिथं नेलं. तिथं आमू रमली असं वाटलं. तिला सारं पाठ होतं, आजीनं चुलीपुढं बसवून पाठ केलेलं. पोरांमध्ये बसून खणखणीत म्हणाली. मी मागं बसलो होतो चार म्हाताऱ्यांसोबत. मला आपली उगाच छाती फुगल्यासारखी. पण बुद्धवंदना संपली, म्हातारे उठून घरोघर गेले, लेकरं आंगणात पळापळी खेळायला लागली, आणि आमू सरळ माझ्याजवळ येऊन माझी पिशवी धरून उभी राहिली. मी म्हटलं, जा ना खेळ. म्हणाली, नको. मी म्हटलं, मी आहो ना इथंच, कुठं जाऊन नाही राहिलो. तरी नको.

खो-खोच्या मैदानावर नेलं तर तिथल्या सरांनी तिला एकदा पळवून पाहिलं आणि शिट्टीच विसरले. हरणासारखी पोर. पण खांबापाशी वळताना पाहायची कुठं? माझ्याकडं. आणि तेवढ्यात बाद. मी कडुलिंबाखाली बसून मनात शिव्या घालत होतो, पोरीला नाही, नशिबाला. सगळे मला एकच सांगत होते, आबाजी, तुम्ही घरी जा. सर म्हणाले, मास्तर म्हणाला, चित्रवाली बाई म्हणाली. मी कोणाचं ऐकलं नाही. मी गेलो तर पोर घाबरेल असं मला पक्कं वाटत होतं. शिवलेलं पोतं गाडीत चढेपर्यंत तिथून हलायचं नाही, ही मिलची शिस्त. टाका सुटला तर तिथंच परत घालावा लागते. ती शिस्त मी पोरीला लावत होतो.

दिवाळी आली. आम्ही कंदील लावला नाही, आमूनं मागितलाही नाही. दिवाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामठ्याहून किसनभाऊ आला. किसनभाऊ पोवार शेतकरी, माझ्याच वयाचा, आमच्या दंडारीचा म्होरक्या. बांधावर धान कापणारे सोडून आला होता, धोतराला कुसळं लागलेली. चहा पिऊन त्यानं बशी ठेवली आणि तालमीची गोष्ट काढली. ढोलकीला माणूस नाही, एक पोरगा बसवला तर तो लग्नातल्या बँडसारखं वाजवून राहिला. मी म्हटलं, या साली मला जमत नाही. तो म्हणाला, जमत नाही की करत नाही? मी म्हटलं, घरात माणूस मेलं आहे किसन, मी ढोलकी कोणत्या तोंडानं वाजवू. तो म्हणाला, ढोलकी तोंडानं कुठं वाजवतात? माझा हात उठता उठता राहिला. तो गेला. जाताना आमूच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

आमू खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिनं मान वर केली.

"आबाजी, तुमी काऊन नाई म्हटलं?"

"मले नाई जायाचं."

"तुमी गेले असते त मी खेळाले गेली असती."

"मंग आता कोनं धरून ठेवलं तुले? जा ना."

"तुमी एकटे राहता ना."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. मी तिला चांगल्या कानाच्या बाजूला बोलावलं. मग तिनं सांगितलं. कोणी धडा म्हणून दाखवावा तसं, खाली पाहून. दवाखान्यात एक दिवस मी औषध आणायला खाली गेलो होतो, तेव्हा शेवंतानं तिला जवळ घेऊन सांगितलं होतं.

"आजी म्हने, आबाजीले एकटं सोडजो नको."

मी म्हटलं, अन मग कराटे? ती म्हणाली, तिथं तुमच्या डोक्यावर ऊन यायचं, बसायला दुसरी जागा नव्हती. चित्रांच्या बाईंकडं तुम्हाला कोणी आत बसा म्हणत नव्हतं. विहारात बुढे चांगले होते, तुम्ही त्यांच्याशी बोलायचे, हसले पण होते एकदा; पण बुद्धवंदना झाली की ते घरी जायचे आणि तुम्ही एकटेच उरायचे. आणि खो-खोचं मैदान? तिथं कुत्रे होते, ती म्हणाली. तुम्हाला कुत्र्यांचं भेव वाटते.

खरं आहे. वाटते.

म्हणजे दीड महिना मी तिच्यासाठी जागा शोधत होतो आणि ती माझ्यासाठी. दोघं एका सायकलवर. प्रत्येक ठिकाणी ती आधी पाहत होती ते एवढंच, की म्हाताऱ्याला इथं सावली आहे का, बोलायला कोणी आहे का. मी समोर ठाण मांडून बसायचो, म्हणून तिचा पहारा सुटत नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीनं मला माझ्याहून जास्त ओळखलं होतं.

मला शेवंताचा असा राग आला की सांगता येत नाही. मेली तरी माझ्या मागं पहारेदार बसवून गेली, आणि बसवला तो कोण, तर हे एवढं लेकरू. मी मागच्या आंगणात गेलो आणि तोंडावर पाणी मारलं. दोरीवर एकच माझा सदरा होता, त्याच्यावर राख पडली होती. तो झटकता झटकता राग कधी गेला ते कळलं नाही. तिलाही दुसरं कोण होतं सांगायला? पोरगा ट्रकवर. सून कामात. आणि मी कोणाचं ऐकत नाही, हे तिच्याहून चांगलं कोणाला माहीत. जी ऐकून घेईल तिला तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी आमूला घेऊन कामठ्याला गेलो. माझी धाकटी बहीण पारबता तिथंच राहते. मंडईपर्यंतचे आठ दिवस तिच्या घरी काढायचे ठरवले. किसनभाऊ ओट्यावर टाळ पुसत बसला होता. मला पाहून म्हणाला, काल त मोठा मस्तीत होता बुढा, आज कसा आला? मी म्हटलं, पोरीनं धाडलं. तो म्हणाला, मग तिच्या पाया पड आणि बस.

ढोलकी मांडीवर घेतली तेव्हा ती उतरलेली होती, इतक्या दिवसांत दोऱ्या सैल पडलेल्या. ताणल्या, थाप मारली. पहिली थाप अशी बसली की किसनभाऊ म्हणाला, अरे, ही ढोलकी आहे की टिनाचा डबा. सारे हसले. मीही हसलो असेन. आमू माझ्या गुडघ्याजवळ बसली होती, ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

त्या दिवसांत कामठ्याच्या शिवारात बरेच धान कापून झालेले. बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, नुसतं पिवळं धसकट, आणि कापताना, भारे बांधताना गळून पडलेल्या लोंब्या. त्याला आम्ही सरवा म्हणतो. सरवा लेकरांचा. कोणाच्याही बांधीतला असो, मालक काही म्हणत नाही. गावातले पोट्टे-पोट्टी टोळीनं जातात, वेचतात, पायानं मळतात, आणि मंडईच्या दिवशी ते धान मुरमुरेवाल्याला देऊन त्याच्याकडून मुरमुरे, शिंगाडे, गूळपट्टी घेतात. घरच्यांपुढं हात पसरायचा नाही. ज्याचा त्याचा सरवा, ज्याची त्याची मंडई. जातपात तिथं कोणी विचारत नाही. फक्त कोण किती वेगानं वेचते एवढंच. मीही वेचलेला आहे.

टोळीची म्होरकी होती किसनभाऊची नात भुरी. दहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, आवाज तालुक्याला पुरेल एवढा. ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि आमूकडं पाहत मला विचारती झाली, "हे बोलत नाई का? मुकी होय का?"

मी म्हटलं, तिलाच विचार. आमू माझ्या गुडघ्याला आणखी चिकटली. पण भुरीच्या कमरेला बांधलेल्या फडक्याकडं पाहत होती, त्यात लोंब्या होत्या.

दुपारी मी पारबताच्या घरी बारदानाचा एक तुकडा शोधला. दाभण माझ्या पिशवीत असतेच. दुहेरी टाका घालून एक थैली शिवली. मोठ्या पोत्याला वर दोन कोपऱ्यांना आम्ही कान ठेवतो, हमालाला धरायला. या थैलीलाही दोन कान ठेवले, आमूच्या मुठीच्या मापाचे. तिला दिली आणि म्हटलं, माझ्यासोबत सहा माणसं आहेत. ऊन नाही. कुत्रे नाहीत. चहा येते. तुझ्या आजीला जे सांगायचं ते मी सांगीन. जा.

ती उठली. ओट्यावरून उतरली. भुरीची टोळी पांदणीच्या वाटेनं पुढं निघाली होती. आमू दहा पावलं गेली आणि मला माहीत होतं, आता ती वळून पाहणार. मी मान वर केली नाही. सारी जिंदगी भरलेली पोती उचलली, पण त्या घडीला मान खाली ठेवणं जेवढं जड गेलं तेवढं काही नाही गेलं. ढोलकीच्या शाईकडं पाहत राहिलो आणि वाजवत राहिलो. किसनभाऊ समोर बसला होता, त्याला सारं दिसत होतं. थोड्या वेळानं तो गाणं न थांबवता नुसती हनुवटी हलवून म्हणाला, गेली.

संध्याकाळी आली तेव्हा पायाला धसकट टोचून रक्ताचे ठिपके, केसात काडी, थैलीत ओंजळभर लोंब्या. पारबतानं पाय धुऊन दिले. मी तिच्या केसातली काडी काढली. जेवताना ती एकदम म्हणाली की भुरी खोटं बोलते, तिच्या फडक्यात अर्धं गवतच आहे.

दुसऱ्या दिवशी वळून पाहिलं की नाही मला माहीत नाही, मी पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही, मी चोरून मान वर केली. ती पळत होती, थैली डोक्यावर घेऊन, साऱ्यांच्या पुढं. वळली नाही. पांदणीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. हेच तर मला पाहिजे होतं. आणि तरी खरं सांगतो, शेवंता पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. ठेका चुकला. किसनभाऊनं माझ्याकडं पाहिलं आणि टाळावर ठेका सावरून घेतला.

मंडईच्या दिवशी वंदना कुडव्याहून आली. भावाला फोन करून आजच उत्तर द्यायचं होतं. मला दुरून तिचं तोंड दिसलं तेव्हा मी दंडारीत अडकलेला, चारी बाजूंनी माणसं, सोंगं नाचून राहिलेली, उठता येईना. ती आमूला शोधत होती. माझ्या गुडघ्यापाशी आमू नाही, पारबताजवळ नाही, पाळण्याच्या रांगेत नाही. वंदना घाबरली. पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. ती गर्दीतून मुरमुऱ्यांच्या दुकानांकडं आली, तिथं लेकरांचा गराडा आणि त्यात कोणती तरी पोर अशी कडाकडा भांडत होती की मोठी माणसं थांबून पाहत होती. वंदना शेजारच्या बाईला म्हणाली, "कोनाची पोट्टी होय वो हे? काही वळन नाई."

मग गराडा थोडा हलला. भुरीची वेणी एका हातात, बारदानाची थैली दुसऱ्या हातात, जीभ बर्फाच्या गोळ्यानं लाल, आणि ओरडत होती, "माही थैली पहिले! मी पहिले आली!" मुरमुरेवाला हात जोडून दोघींची समजूत काढत होता.

वंदना तिथंच उसाच्या मोळीवर बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं, चक्कर आली का? ती म्हणाली, माझीच होय. हसत होती की रडत होती ते तिला सांगता आलं नाही. ती माझ्यापर्यंत आली तेव्हा दंडार थांबली होती, मी घामानं भिजलेला. तिनं माझ्यासमोरच भावाला फोन लावला. एवढंच बोलली, "दादा, राहू दे. पोट्टी भांडून राहिली." तिकडून तो काय म्हणाला कोणास ठाऊक. त्याला काय कळणार.

कुडव्याला परतल्यावर आमू खो-खोला लागली. पण तिनं अट घातली. ती मैदानावर जाईल तेवढा वेळ मी विहारात जायचं आणि लेकरांच्या गाण्यांना ढोलकी धरायची. म्हणजे मला क्लास लावला तिनं. मी लेकरांना शिकवायचो आणि माझी पोर त्यात नसायची, ती दोन गल्ल्या पलीकडं खांबाला वळसे घालत असायची. आता ती वळताना कुठं पाहते ते मी कधी विचारलं नाही. जिल्ह्याला खेळून आली तेव्हा खांबापाशी बाद झाली नव्हती, एवढं कळलं.

आज आमू नागपूरला आहे. नर्सिंग शिकते. ज्या गावाला तिला धाडू नये म्हणून मी उन्हात हिंडलो त्याच गावाला ती आपल्या पायानं गेली, मामाच्या घरी नाही, वसतिगृहात. जाताना मी मोटारस्टँडवर मुद्दाम गेलो नाही. विहारात ढोलकी वाजवत बसलो. तिला कळलं असेल.

ती फोन करते, रविवारी. तब्येत नंतर विचारते, आधी विचारते तालमीला गेले का. या साली मी म्हटलं, बोट ठणकते, श्वास लागते, एखाद्या पोराला बसवा म्हटलं किसनला. ती म्हणाली, मग मी येऊन बसते तुमच्या खाटेपाशी, नर्सिंग गेलं उडत. धमकी द्यायला आजीवर गेली आहे.

मागच्या सालची एक गोष्ट आहे. तालमीत एक लहान पोर रोज यायची, सहा-सात वर्षांची, कोणाची तरी पाहुणी. ओट्याच्या कोपऱ्यात बसायची, टोळी हाक मारायची तरी जायची नाही. बाया तिला ढकलायच्या, जा वो खेळाले, काय बुढ्यांमध्ये बसते. मी तिला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "कोनाले राखून राहिली वो?" तिनं बोट केलं. चुलीपाशी तिची आई बसली होती, साऱ्यांसाठी चहा करत. कपाळ कोरं. नवरा त्याच साली गेला होता. मी किसनभाऊला सांगितलं, चहा दुसऱ्या कोणाला करू दे, या बाईला टाळ दे. ती नाही-नाही म्हणत बसली. ठेका चुकवायची, हसायची, तोंडाला पदर लावायची. दुसऱ्या दिवशी ती पोर ओट्यावर नव्हती. तिच्याजवळ थैली नव्हती, फ्रॉकच्या ओच्यातच लोंब्या घेऊन आली, अर्ध्या वाटेत सांडलेल्या.

म्हणून कालपासून बारदान घेऊन बसलो आहे. बोट ठणकते, पण दाभण चालते. दुहेरी टाका, वर दोन कान. मुठीचं माप मागच्या सालचं आहे, म्हणून थोडं मोठं धरलं, पोरं वाढतात. पाच शिवल्या. सहावीचं तोंड तेवढं बाकी आहे, ते गाडीत शिवीन. कामठ्याची सकाळची गाडी निघायला अजून अर्धा तास आहे. सदरा झटकून घातला. ढोलकी फडक्यात बांधली. आमूनं विचारलं तर सांगा, म्हातारा घरी नाही.